वाचकांचे प्रश्न : पाकिटावरचे हिरवे पान

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एका विषयाची पत्रे वाढली आहेत. सांगली-सातारा भागातील बचत गट, गुऱ्हाळचालक, दुकानदार आणि कारखानदार यांना आपला माल पर्यावरणाच्या दृष्टीने चांगला आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचे आहे, पण ते कोणत्या शब्दांत आणि कोठवर सांगावे याबद्दल त्यांच्या मनात शंका आहे. सर्व पत्रे एकाच धाग्यातली असल्यामुळे या अंकात इतर विषय बाजूला ठेवून त्यांचीच उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचत गट आहे. आम्ही बेदाणा आणि हळद पावडर यांची पाव किलो व अर्धा किलोची पाकिटे करून सांगली आणि पुणे येथील प्रदर्शनांत विकतो. आता नवी पाकिटे छापायची आहेत. छपाईवाल्यांनी दिलेल्या नमुन्यावर हिरवे पान आहे आणि त्याखाली '१०० टक्के नैसर्गिक, रसायनमुक्त, पर्यावरणपूरक' असे मोठ्या अक्षरांत आहे. माझा पुतण्या म्हणतो की हल्ली सगळेच हे छापतात, आपण छापले नाही तर आपला माल मागे पडेल. पाच हजार पाकिटांची ऑर्डर द्यायची आहे, म्हणून आधी विचारते. छापावे का? (तासगाव तालुक्यातील एक भगिनी)

उत्तर : ताई, पैसे गुंतवण्याआधी विचारलेत हे फार बरे केलेत. माझे उत्तर 'या स्वरूपात छापू नये' असे आहे, आणि त्याची कारणे एकेका शब्दाला धरून सांगतो.

आधी 'रसायनमुक्त' हा शब्द घेऊ. बेदाणा कसा तयार होतो हे तासगावच्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही, पण पुण्याच्या प्रदर्शनात पाकीट हातात घेणाऱ्या बाईंना ते ठाऊक नसते, आणि सगळा प्रश्न तिथेच उभा राहतो. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो. तो सैल होऊन आतले पाणी लवकर निघावे म्हणून आपल्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल, म्हणजे इथाईल ओलिएट, यांच्या द्रावणात बुडवतात आणि मग शेडनेटच्या सावलीत रॅकवर पसरतात. हिरवा किंवा पिवळा रंग टिकावा म्हणून पुष्कळ ठिकाणी गंधकाची धुरीही देतात. त्याआधी बागेत दावण्या आणि भुरी या द्राक्षावरच्या रोगांसाठी फवारण्या झालेल्या असतात. यात बेकायदेशीर काही नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. सारा बेदाणा व्यवसाय याच पद्धतीवर उभा आहे. मात्र हे सर्व केलेल्या मालावर 'रसायनमुक्त' असे छापणे म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशातली गत होते. काटेकोरपणे पाहिले तर पाणी आणि मीठ हीसुद्धा रसायनेच आहेत, त्यामुळे या शब्दाला शास्त्रीय अर्थ नाही. गिऱ्हाईक त्याचा जो अर्थ घेते तो असा की शेतात आणि प्रक्रियेत कोणतेही औषध वापरलेले नाही, आणि तो अर्थ तुमच्या मालाला लागू पडत नाही.

'१०० टक्के नैसर्गिक' या शब्दांचीही तीच अडचण आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दावे यांविषयी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम आहेत. नैसर्गिक उगमाच्या एकाच पदार्थात बाहेरचे काही मिसळलेले नसेल आणि त्यावर तो खाण्यायोग्य व्हावा एवढीच प्रक्रिया केलेली असेल, तरच त्यांत 'नैसर्गिक' हा शब्द मान्य केलेला आहे. गंधकाची धुरी दिलेला बेदाणा या चौकटीत बसवणे कठीण आहे. खरे तर त्यातील सल्फाइटचे प्रमाण किलोला १० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर ते लेबलावर जाहीर करणे बंधनकारक आहे, कारण काही दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो. म्हणजे पाकिटाच्या पुढच्या बाजूला 'नैसर्गिक' आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'सल्फाइटयुक्त' असा प्रकार होईल.

राहिला 'पर्यावरणपूरक'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ज्याला इंग्रजीत ग्रीनवॉशिंग म्हणतात, आणि ज्याला मी हिरवा मुलामा म्हणतो, त्यासंबंधीची ही तत्त्वे आहेत. हरित, पर्यावरणपूरक, शाश्वत, सेंद्रिय, शुद्ध, नैसर्गिक असे मोघम शब्द त्यांत सरसकट बंद केलेले नाहीत. ते वापरायचे असतील तर त्यांच्या सोबत अचूक आणि सहज सापडेल असा खुलासा द्यावा आणि त्याला आधार असावा, अशी अट घातली आहे. हा खुलासा क्यूआर कोडमधून देण्यासही मुभा आहे. शिवाय दावा नेमका कशाबद्दल आहे, संपूर्ण वस्तूबद्दल की तिच्या एखाद्या भागाबद्दल, बनवण्याच्या पद्धतीबद्दल, वेष्टनाबद्दल, वापराबद्दल की वापरानंतरच्या विल्हेवाटीबद्दल, हे स्पष्ट करावे लागते. तुमच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा अवघड जागी बोट ठेवणारा आहे. तुमचे पाकीट प्लॅस्टिकचे अनेक थर एकत्र चिकटवून केलेले असणार. ते थर पुन्हा वेगळे करणे कठीण असल्याने भंगारवाला ते घेत नाही. अशा पाकिटावरच 'पर्यावरणपूरक' असे छापले, तर वाचणाऱ्याने तो शब्द आतल्या बेदाण्याला लावायचा की हातातल्या पाकिटाला?

हिरव्या पानाबद्दल मात्र उगाच धास्ती नको. साधी रंगसंगती किंवा फसवणूक न करणारे चित्र यांना ही तत्त्वे लागू होत नाहीत, असे त्यांतच म्हटले आहे. पान एखाद्या प्रमाणपत्राच्या शिक्क्यासारखे गोल करून, त्याभोवती अक्षरे फिरवून छापले तर ते चित्र राहत नाही, तो दावा होतो. छपाईवाल्यांच्या तयार नमुन्यांत नेमके असेच शिक्के फार असतात, त्यामुळे तेवढे पाहून घ्यावे. चौकोनातील हिरवा ठिपका हे शाकाहारी पदार्थाचे चिन्ह आहे. त्याचा पर्यावरणाशी संबंध नाही आणि ते छापावेच लागते.

आता पुतण्याचा युक्तिवाद. सगळेच छापतात हे खरे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच दोष घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. बारा जणींच्या गटावर उद्या कोणी धाड घालील असे सांगून तुम्हाला घाबरवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तुमचा धोका निराळा आहे. प्रदर्शनात तुम्ही स्वतः गिऱ्हाइकासमोर उभ्या असता. एखाद्या चौकस बाईंनी 'रसायनमुक्त म्हणजे गंधक पण नाही ना?' असे विचारले, तर तुम्हाला तोंडावर खोटे बोलावे लागेल किंवा पाकीट खोटे आहे असे कबूल करावे लागेल.

मग छापायचे काय? तुमच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते त्या तीन शब्दांपेक्षा अधिक वाचनीय आहे. 'तासगाव परिसरातील द्राक्षांचा बेदाणा, उघड्या हवेत सावलीच्या रॅकवर वाळवलेला. वाळवण्यासाठी वीज किंवा इंधन जाळलेले नाही' हे वाक्य घ्या. मात्र ज्या शेडचा माल तुम्ही घेता तिथे पावसाळी हवेत गरम हवेचे पंखे लावले नव्हते याची खात्री करून, शेडमालकाकडून तसे तारखेसह लिहून घ्यावे. सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, घेतलेल्या मालाचा उगम कळत नाही, त्यामुळे सौद्यातल्या मालावर हे वाक्य छापू नये. तुमच्यापैकी कोणाच्या घरची बाग असेल आणि धुरी न देता तपकिरी बेदाणा करण्याची तयारी असेल, तर 'गंधकाची धुरी न दिलेला, म्हणून रंगाने तपकिरी' असे छापता येईल. त्यासाठी दर लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा आणि अहवाल जपून ठेवावा. हा दावा छोटा आहे, तपासता येण्याजोगा आहे, आणि बेदाण्याचा काळसर रंग पाहून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तरही देतो.

हळदीविषयी एकच सांगतो. हरिपूरच्या पेवांची, म्हणजे जमिनीत खोदलेल्या कोठारांची, गोष्ट पाकिटावर छापण्याचा मोह सांगलीच्या प्रत्येक हळद विक्रेत्याला होतो. जमिनीखालच्या पेवात हळद विनाऔषध टिकते ही गोष्ट सुंदर आहे, पण तुमची हळद पेवात नव्हे तर शीतगृहात किंवा गोदामात राहिलेली असेल तर ती गोष्ट तुमच्या पाकिटाची नव्हे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तसे ते बेदाण्यालाही मिळालेले आहे. परंतु मानांकन माल कुठला आहे हे सांगते, पर्यावरणाचे काय झाले हे सांगत नाही, आणि ते चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

प्रश्न : चार वर्षांपासून आमच्या तीन एकर उसाला युरिया किंवा डीएपी ही खते घातलेली नाहीत. पाचट जाळत नाही, सरीत कुजवतो. गुऱ्हाळ स्वतःचे आहे. गुळाचा रंग उजळणारी हायड्रॉस पावडर वापरत नाही, मळी काढायला भेंडीचे पाणी वापरतो. प्रमाणपत्र कोणतेच घेतलेले नाही. डब्यावर 'सेंद्रिय गूळ' असे लिहिता येईल का? 'साखरेपेक्षा पर्यावरणपूरक' असे लिहिले तर? गूळ गुऱ्हाळावर येणाऱ्यांना आणि पुण्यातील दोन दुकानांना देतो. (कराड तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली पहिली चार वाक्ये मी दोनदा वाचली, कारण डब्यावर काय लिहावे याचे उत्तर त्यांतच आहे. तरीही विचारलेल्या शब्दाचा हिशेब आधी करू.

खाद्यपदार्थाला 'सेंद्रिय' म्हणण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे विनियम लागू होतात. त्यांनुसार दोनच मार्ग मान्य आहेत. पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा, ज्यात त्रयस्थ प्रमाणन संस्था येऊन तपासणी करते. दुसरा पीजीएस-इंडिया म्हणून ओळखला जाणारा सहभागी हमीचा, ज्यात एका परिसरातील किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. लहान उत्पादकाने स्वतःचा माल थेट अंतिम ग्राहकाला विकला तर प्रमाणनातून सूट आहे. म्हणजे गुऱ्हाळावर येऊन ढेप नेणाऱ्या माणसाला तुम्ही 'सेंद्रिय' म्हणून गूळ देऊ शकता, अर्थात प्रमाणित सेंद्रिय मालावरचे 'जैविक भारत' हे चिन्ह न लावता. पुण्याच्या दुकानात ठेवलेल्या डब्याला ही सूट मिळत नाही. एकच गूळ, एकच काहील, पण एका डब्यावर तो शब्द चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, हे विचित्र वाटेल. पण त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. गुऱ्हाळावर आलेला माणूस तुमचा ऊस, पाचट आणि काहील पाहू शकतो, तुम्हाला विचारू शकतो. दुकानातल्या गिऱ्हाइकासमोर फक्त डबा असतो, त्यामुळे त्याच्या वतीने कोणीतरी पाहून आलेले असणे आवश्यक ठरते. तुम्हाला सहभागी हमीचा मार्ग सोपा जाईल असे वाटते. मात्र तुमची गेली चार वर्षे तुमच्या आठवणीत आहेत, कागदावर नाहीत; तेव्हा आजपासून काय घातले, किती घातले, कोणत्या तारखेला घातले याची वही ठेवा. शेजारच्या शेतातून वाहून येणारे पाणी आणि उडून येणारा फवारा यांचाही विचार तपासणीत होतो.

प्रमाणपत्र मिळेपर्यंत दुकानाच्या डब्यावर साधी विधाने छापावीत : 'या उसाला रासायनिक खत घातलेले नाही. पाचट न जाळता शेतातच कुजवले आहे. रंग उजळण्यासाठी हायड्रॉस वापरलेले नाही. मळी भेंडीच्या पाण्याने काढली आहे.' तणनाशक मारत असाल तर तेही मनाशी धरून शब्द ठेवा, कारण तुम्ही खताबद्दल लिहिलेत, औषधाबद्दल काही लिहिलेले नाही. आणि 'काळा गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ' ही समजूत मात्र कृपया तुमच्या डब्याने पसरवू नये. गुळाचा रंग उसाची जात, जमीन आणि काहिलीतला ताव यांवरही ठरतो. जास्त तापलेला साधा गूळही काळा होतो.

आणखी एक गोष्ट मी पत्रात शोधली आणि सापडली नाही. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या चुलीत, काय जाते? सगळे चिपाडच जात असेल तर उत्तम, आणि तसे अवश्य छापा. परंतु काही गुऱ्हाळांत जुने टायर, रबराचे तुकडे, प्लॅस्टिकचा कचरा यांनी जाळ धरला जातो. शेतात युरिया टाळून चुलवाणात टायर जाळणाऱ्याने डब्यावर पर्यावरणाचे नाव काढणे म्हणजे एका हाताने झाकून दुसऱ्या हाताने दाखवणे होय. चांगली बाजू ठळक करून वाईट बाजू दडवणे यालाच नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिशाभूल म्हटले आहे. तुमच्याकडे तसे नसेल अशी माझी समजूत आहे, तरी सांगून ठेवले.

'साखरेपेक्षा पर्यावरणपूरक' हे मात्र अजिबात लिहू नये. तुलनेचा दावा करणाऱ्याने दोन्ही बाजूंची तपासता येईल अशी आकडेवारी दिली पाहिजे, आणि इथे ती तुमच्या विरुद्धही जाऊ शकते. आपल्या भागातील साखर कारखान्यांचे बॉयलर उसाच्या भुशावरच चालतात, आणि त्यांतले बरेच उरलेली वीज विकतात. उघड्या चुलवाणात उष्णता पुष्कळ वाया जाते. दोन्हीकडचा ऊस मात्र सारखाच पाणी पितो. तुमचा गूळ चांगला आहे. त्यासाठी साखरेला वाईट ठरवण्याची गरज नाही.

प्रश्न : माझे साताऱ्यात किराणा आणि डिस्पोजेबल वस्तूंचे दुकान आहे. माल देणारा एजंट पिशव्या 'बायोडिग्रेडेबल' आहेत, महिन्यात मातीत विरघळतात असे सांगतो. 'कापडी' पिशव्याही देतो. उसाच्या भुशाच्या ताटल्याही आहेत. दुकानात 'येथे फक्त पर्यावरणपूरक पिशव्या व पत्रावळी मिळतील' असा फलक लावायचा विचार आहे. (सातारा येथील एक दुकानदार)

उत्तर : फलक लावण्याआधी तिन्ही वस्तू वेगवेगळ्या पाहाव्या लागतील, कारण तिन्हींबद्दल एजंटाने सांगितलेले खरे असण्याची शक्यता सारखी नाही.

पिशवीपासून सुरुवात करतो. 'जैवविघटनशील' या शब्दात किती काळात आणि कोणत्या परिस्थितीत हे नसेल तर तो काहीच सांगत नाही. लाकडी खुर्चीसुद्धा शेवटी कुजतेच. 'कंपोस्टेबल' हा शब्द अधिक नेमका आहे, कारण त्यामागे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्यातील कसोटी साधारण ५८ अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर ओलावा असलेल्या खत प्रकल्पाच्या परिस्थितीत घेतात, आणि १८० दिवसांच्या आत ९० टक्के विघटन व्हावे अशी तिची अपेक्षा आहे. एवढे तापमान चांगल्या चालवलेल्या मोठ्या खत प्रकल्पात मिळते. ते परसातल्या खड्ड्यात सहसा टिकत नाही, आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावर भिरकावलेल्या पिशवीला तर नाहीच नाही. तेव्हा पिशवी अस्सल असली तरी 'महिन्यात मातीत विरघळते' हे विधान खोटे ठरते.

पिशवी अस्सल आहे का हे पाहण्याची सोय आहे. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कंपोस्टेबल पिशव्या बाजारात आणण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि पिशवीवर तसा उल्लेख छापावा लागतो. एजंटाकडे प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरील उत्पादकाचे नाव पिशवीवरील नावाशी ताडून पाहा. ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी लागते आणि प्रमाणित कंपोस्टेबल पिशवीला त्या जाडीतून सूट आहे. पातळ साधी पिशवी 'बायो' या नावाखाली विकण्याचा मोह कुठून येतो हे यावरून लक्षात येईल. एजंट प्रत देण्यास टाळाटाळ करील तर माल परत करणे हेच शहाणपणाचे. पुढे तक्रार झाली तर 'मला एजंटाने सांगितले' एवढ्याने सुटका होणार नाही, कारण ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची वर सांगितलेली तत्त्वे उत्पादकाप्रमाणेच व्यापाऱ्यालाही लागू आहेत.

'कापडी' पिशवीबद्दल मला थोडे चिडूनच लिहावे लागत आहे. गेल्या लग्नसराईत सांगलीच्या एका कार्यालयात आहेराच्या जागी 'प्लॅस्टिकला नाही म्हणा' असे छापलेली हिरवी पिशवी माझ्या हातात आली. ती पिशवी स्वतःच प्लॅस्टिकची होती. ज्याला नॉन-वोव्हन म्हणतात ते विणलेले कापड नसून पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने दाबून केलेला पापुद्रा असतो. प्लॅस्टिकच्या नियमांतच तिचा समावेश आहे, आणि तिचे वजन चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असावे असे बंधन आहे. घरी खात्री करायची असेल तर कोपऱ्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवून पाहावा : सुती कापडाची राख होते, हा तुकडा वितळून त्याचा कडक मणी बनतो. ही पिशवी दहा-वीस वेळा वापरली जात असेल तर तिचा उपयोग आहे, आणि 'पुन्हा वापरता येणारी पिशवी' असे म्हणण्यास माझी हरकत नाही. तिला कापडी म्हणू नये.

भुशाच्या ताटल्यांची गोष्ट बरीच चांगली आहे, कारण त्यांचा कच्चा माल शेतीतला उरलेला तंतू आहे. तेलकट आमटी झिरपू नये म्हणून त्यांना आतून काय लावले आहे एवढे विचारा, कारण काही देशांत अशा ताटल्यांत फ्लोरिनयुक्त रसायने आढळली आहेत, जी निसर्गात फार काळ टिकून राहतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळीला हा प्रश्नच पडत नाही, मात्र हल्ली तिच्याही मागे प्लॅस्टिकचा पातळ कागद लावलेला असतो.

फलकावर 'फक्त' आणि 'पर्यावरणपूरक' हे दोन्ही शब्द नकोत. 'प्रमाणित कंपोस्टेबल पिशव्या. प्रमाणपत्र दुकानात पाहता येईल. उसाच्या भुशाच्या ताटल्या. सुती पिशव्या.' एवढे पुरे. जाता जाता एक सूचना : डब्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात जो आकडा असतो तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, १ म्हणजे पेट आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तो पुनर्वापराचा दाखला आहे असे समजून फलकावर तो त्रिकोण काढू नये.

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, आहे. आवारात आणि गावी मिळून ५०० झाडे लावली, छपरावर सौर पॅनेल बसवले. परदेशी ग्राहकांना पाठवायच्या पत्रिकेत 'कार्बन न्यूट्रल फाउंड्री' असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही म्हणता येणार. 'कार्बन न्यूट्रल' म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढा भरून काढलेला, आणि त्याचा हिशेब फार लांबचा नाही. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. आपल्या ग्रीडच्या, म्हणजे देशातील वीजजाळ्याच्या, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे नुसत्या वितळवण्यात टनामागे चारशे किलोंहून अधिक झाला. कच्चे लोखंड, वाळू, वाहतूक यांचा भार अजून धरलेलाच नाही. झाड जो कार्बन धरते तो अनेक वर्षांत हळूहळू धरते, आणि ते तोपर्यंत जगले तरच. आधी बारा महिन्यांची वीजबिले आणि सौर मीटरची नोंद समोर ठेवून 'आमच्या वार्षिक विजेपैकी इतके टक्के वीज छपरावरील सौर पॅनेलांतून येते' असे आकडा, वर्ष आणि पॅनेलांची क्षमता देऊन लिहा. झाडांचा उल्लेख वेगळ्या वाक्यात करावा, किती लावली आणि त्यांपैकी आज किती जिवंत आहेत यासह. तुमचे ग्राहक युरोपातील असतील तर हे अधिकच जपा : युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार बाहेरून घेतलेल्या कार्बन भरपाईच्या आधारे उत्पादनाला 'न्यूट्रल' म्हणण्यास बंदी आहे, आणि ती २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू करावयाची आहे. २०४० पर्यंत अमुक करू असे भविष्याचे वचनही आपल्याकडच्या तत्त्वांनुसार ठोस, टप्प्याटप्प्याची योजना जाहीर केल्याशिवाय देता येत नाही.

प्रश्न : पाचगणीजवळ आमचे चार खोल्यांचे निवासस्थान आहे. भोवती झाडी आहे, दरी दिसते. 'इको-फ्रेंडली स्टे' अशी जाहिरात केली तर चालेल का?

उत्तर : झाडी आणि दरी ही निसर्गाची करणी आहे, तुमची नव्हे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. तिथे पाहुण्यांमुळे पाणी, सांडपाणी आणि कचरा यांचा भार वाढतो, तेव्हा तुम्ही त्याचे काय करता ते लिहा. ग्रीनवॉशिंग हा शब्द १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी अभ्यासकाने वापरात आणला, तो हॉटेलांवरूनच. टॉवेल पुन्हा वापरून निसर्ग वाचवा अशी पाहुण्यांना विनंती करणारी हॉटेले स्वतःच्या इतर नासाडीकडे मात्र डोळेझाक करत होती. पावसाचे पाणी किती लिटरच्या टाकीत साठवता, सांडपाणी कुठे जाते, ओला कचरा कुठे जिरतो, हे तीन ओळींत सांगता आले तर जाहिरातीला दुसऱ्या विशेषणाची गरज उरणार नाही.

प्रश्न : मी वाईची आहे. एका डिटर्जंटच्या पाकिटावर 'पृथ्वीसाठी सुरक्षित' असे लिहिले आहे, कारण काही दिलेले नाही. गिऱ्हाइकाने काय करावे?

उत्तर : प्रथम पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लिहून या दाव्याचा आधार मागावा, हे पत्र किंवा ई-मेल पुढे उपयोगी पडते. उत्तर आले नाही किंवा गोलमोल आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जाहिरात वृत्तपत्रात, दूरचित्रवाणीवर किंवा समाजमाध्यमावर असेल तर भारतीय जाहिरात मानक परिषदेकडेही पाठवता येते. या परिषदेने पर्यावरणविषयक दाव्यांसाठी स्वतंत्र नियम केले असून ते १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. तक्रारीसोबत पाकिटाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती जोडावी, आणि निकाल लागेपर्यंत रिकामे पाकीट टाकून देऊ नये.